पहिलं दार

पंचवटीतल्या आमच्या सलूनमध्ये ज्ञान फुकट मिळतं. एकदा महिन्याची दाढी वाढलेला तरुण आला. "डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. आता नोकरी शोधायचीय," तो कारागिराला हळूच म्हणाला.

झालं! शेजारच्या खुर्चीतले सातपूरचे कारखानदार फेसासकट गरजले, "आमच्या वेळी नव्हती असली थेरं! पहाटे ऊठ, पळ, चार दारं ठोठाव!" बाकावरच्या विद्वानांनी माना डोलावल्या.

तरुणानं दाढी पूर्ण करून घेतली. मग टॉवेलची नीट घडी घालून तो कारखानदारांसमोर उभा राहिला.

"काका, पहिलं दार तुमचंच. आहे का काही काम?"

कारखानदारांना एकाएकी कानातला फेस झोंबू लागला. बाकावर भराभर वर्तमानपत्रं उघडली. मी मात्र नाटक बघावं तसा सरसावून बसलो.

"सावकाश सांगा, काका," तो म्हणाला. "एवढं विचारायला मलाही अख्खा उन्हाळा लागला."