बेटावरचं काळं वाळवंट

जपानच्या नकाशावर ‘वाळवंट’ हा शब्द एकाच ठिकाणी छापलेला आहे. टोकियोच्या दक्षिणेला समुद्रात एक बेट आहे, बेटाच्या मधोमध ज्वालामुखी, आणि त्याच्या पाठीमागे काळ्या दगडी चुऱ्याचं वाळवंट. सगळं राष्ट्रीय उद्यानात. मी पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि नवऱ्याच्या आयटी कॉन्ट्रॅक्टमागोमाग टोकियोतल्या फुनाबोरीला येऊन एका कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, पार्टटाइम लागले होते. दुकानाच्या फळ्यांवर जेवणाचे डबे लावायचे, एवढंच काम. नकाशावरचा तो शब्द सापडल्यापासून मला तिथं चालायचं होतं. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरचं रिलीज मात्र कधी संपतच नव्हतं.

शेवटी कॉन्ट्रॅक्ट संपत आलं, महिनाअखेरीला पुण्याला परतायचं ठरलं, विमानाची तिकिटंही आली. तेव्हा मी त्याला निक्षून सांगितलं, “उरलेल्या रजेतला एक शुक्रवार मला दे. आता नाही गेलो तर ते वाळवंट जन्मात बघायला मिळणार नाही.”

सकाळच्या वेगवान बोटीने आम्ही बेटावर उतरलो. वर जाणारी बस समोरच उभी होती. आणि नवरा दुकानात शिरला.

जपानी ऑफिसात रजा घेतली की येताना सगळ्यांसाठी खाऊ आणायचा असतो, ओमियागे. तो येतानाही घेता आला असता. पण उशीर झाला तर, दुकान बंद झालं तर, असं त्याचं सुरू झालं. बेटावर प्रसिद्ध काय, तर दुधाची बिस्किटं, आणि त्यात अंडं. टीममधले दोघे अंडं न खाणारे. मग दुसरा खोका, तिसरा खोका. प्रत्येक खोक्यामागची बारीक चित्रलिपी वाचायला घरात एकच विद्वान, मी. “अगं, ह्यात जिलेटिन आहे का बघ ना,” तो म्हणाला. “अरे, बस!” मी म्हणाले. “एकच मिनिट गं.” अंडं नसलेला, जिलेटिन नसलेला, चरबी नसलेला खोका सापडला तेव्हा बस वळणावरून दिसेनाशी होत होती. पुढची बस दुपारची. जगात असा मुहूर्त साधणारी माणसं आम्हीच असू.

टॅक्सी केली. वर चढता चढता धुकं उतरलं. ड्रायव्हरकाका पुन्हा पुन्हा माफी मागत होते, जणू धुकं त्यांनीच सोडलं होतं. वाटेच्या तोंडाशी आम्हाला सोडून, तासाभराने इथेच घ्यायला येतो असं सांगून ते गेले. तिथल्या पाटीवर लिहिलं होतं, इथला दगडही उचलून नेऊ नका. मी ते वाचत होते तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला.

“ऑफिस,” तो कुजबुजला आणि पाठमोरा झाला. “हाय, हाय. सुमिमासेन.” हो, हो, माफ करा. पाठीला सॅक, हातात खाऊची पिशवी, आणि माझा नवरा त्या ओसाड डोंगरावर, समोर कोणी नसताना, कमरेत वाकून वाकून नमस्कार घालत होता. एरवी मी हसून हसून पडले असते. त्या दिवशी मला तो फोन दरीत भिरकावून द्यावासा वाटला.

फोन ठेवून तो वळला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता.

“अगं, कॉन्ट्रॅक्ट वाढलं! अख्खं वर्ष! साहेबांनी विचारलं, मी हो म्हणूनही टाकलं.”

“मला न विचारता?”

“त्यात काय विचारायचं? उलट बरंच झालं की. आता धुक्यात कशाला कडमडायचं? टॅक्सीला परत बोलावतो. वाळवंट कुठे पळून जातंय? निवांत येऊ पुन्हा.”

राग इतका आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आता वर्षभर पुन्हा डबे लावायचे, वर्षभर पुन्हा त्याचं रिलीज. निवांत येऊ म्हणे. एक दिवस मागितला होता, तोही त्याने उदारपणे पुढच्या वर्षावर ढकलला होता. भांडायला मला पुष्कळ सुचत होतं, पण भांडत बसले असते तर तासही गेला असता.

मी चालायला लागले. झुडपं विरळ होत संपली आणि पायाखाली काळा चुरा करकरायला लागला. मी खाली बसून मूठभर उचलला. हलका, धारदार, बारीक छिद्रांनी भरलेला. आमचा सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वी थंडावलेला. हा डोंगर मी शाळेत होते तेव्हासुद्धा आग ओकत होता. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मूठ उघडून चुरा जागच्या जागी सोडला आणि मी वळून पाहिलं. धुक्यात तो अंधूक दिसत होता.

“काय दिसतंय का तिथे?” त्याने ओरडून विचारलं.

“तूच येऊन बघ ना!”

तो आला नाही. त्याने पुन्हा फोन कानाला लावला होता.