पाइपांमागचं कोर्ट

मी बारा वर्षांची असताना एका टेनिस कोचने मला भिंतीला टेकून उभं केलं, माझ्या डोक्यावर तळहात आडवा धरला आणि बाबांना सांगितलं, "सर, हाइट नहीं है. आपको देखके ही पता चलता है, आगे भी नहीं बढ़ेगी. बॅडमिंटन खेलने दो."

हे दुबईतल्या एका हॉटेलच्या क्लबमध्ये घडलं. कोच आपल्याकडचाच होता, नम्र होता आणि त्याला अजिबात घाई नव्हती. बाबांनी मान डोलावली. मला वाटतं, त्यांना जरा सुटल्यासारखंच झालं होतं. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "चला, विचारून तरी झालं. खलास."

मी म्हटलं, "नॉट खलास."

"काय?"

"आय सेड, नॉट खलास."

अल कुसैसला आमच्या बिल्डिंगखाली गाडी लागल्यावर मी त्यांच्या आधी उतरले.

मला टेनिसचं वेड लागलं ते टीव्हीवरून. गच्चीवर नवीन डिश बसली होती आणि एका दुपारी मी चॅनल बदलता बदलता थांबले, कारण पडद्यावर एक बुटकी, जाडसर पायांची मुलगी धावत होती. स्पेनची होती. पलीकडची तिच्यापेक्षा हातभर उंच होती, जगात पहिली की दुसरी होती, आणि तिने मारलेला प्रत्येक फटका मला तरी शेवटचा वाटायचा. पण ही बुटकी धावायची आणि चेंडू परत टाकायची. पुन्हा फटका, पुन्हा ही हजर. आई मागे इस्त्री करत उभी होती. ती म्हणाली, "अगं, हिला कोणी सांगितलं नाही का, की तो बॉल गेला म्हणून?"

त्या दिवशी ती पहिला सेट हरली आणि पुढचे दोन जिंकली. आईची इस्त्री तशीच राहिली.

मग मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचायला लागले. समुद्राकाठच्या लहान गावातली मुलगी. वडील तिथल्या क्लबात कोर्टाची लाल माती ओढून सपाट करायचे. मेंबर लोक जेवायला गेले की बापलेक खेळायचे. युरोपातली लाल मातीवरची सगळ्यात मोठी स्पर्धा तिने जिंकली तेव्हा एका पेपरने लिहिलं होतं की हा योगायोग आहे. पुढच्या वर्षी ती फायनलला हरली, तेव्हा त्याच पेपरने लिहिलं, बघा, सांगितलं होतं ना. दोन वर्षांनी ती पुन्हा जिंकली, तेव्हा मात्र पेपर काही बोलला नाही. हे सगळं मी वहीत चिकटवून ठेवलं होतं. ज्या पानावर तिचं नाव लिहिलं होतं ते मी आजही कुणाला दाखवत नाही. लोकांना नाव कळलं की ते आकडे विचारतात, किती जिंकली, किती हरली. मला तिच्याकडून जे मिळालं ते त्या आकड्यांत नव्हतं.

बाबा रास अल खोरला एका पाइपच्या गोदामात सुपरवायझर होते. गोदामाच्या मागे, पाइपांच्या ढिगांपलीकडे, एक सिमेंटचं टेनिस कोर्ट होतं. फार पूर्वी तिथे कंपनीचे इंग्रज इंजिनियर राहायचे, त्यांनी बांधलेलं. आता निम्म्या कोर्टावर पाइप रचलेले होते आणि उरलेल्यावर वाळू साचली होती. हे मला माहीत होतं, कारण शाळेला सुट्टी असली की बाबा कधीकधी मला तिथे घेऊन जायचे.

क्लबच्या त्या प्रकरणानंतर महिनाभराने मी बाबांना म्हटलं, "तुमच्या मागचं कोर्ट साफ केलं तर?"

"कोण करणार?"

"मी."

ते हसले. पण शुक्रवारी, शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, मी झाडू घेऊन गाडीत बसले, तेव्हा त्यांनी मला उतरवलं नाही.

तिथे फोर्कलिफ्ट चालवणारे एक पठाण चाचा होते. पेशावरकडचे, पांढऱ्या दाढीचे, सहा फूट उंच. मी दोन शुक्रवार एकटी वाळू काढताना त्यांनी नुसतं बघितलं. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी न विचारता फोर्कलिफ्ट आणली आणि कोर्टावरचे पाइप उचलून कुंपणाला लावले. बाबांनी देराहून, धक्क्याजवळच्या दुकानातून मासेमारीचं जाळं आणलं. तेच आमचं नेट. पहिले काही दिवस त्याला असा वास यायचा की मांजरं जमायची.

चाचांनी आयुष्यात टेनिस बघितलं नव्हतं. ते व्हॉलीबॉलवाले. संध्याकाळी त्यांच्या कामगार कॅम्पमध्ये वाळूत जे सामने व्हायचे, त्यात ते स्मॅश मारायचे आणि पन्नाशीतही कुणाला ऐकत नव्हते. मी शाळेची जुनी रॅकेट त्यांच्या हातात दिली. ते चेंडू मारत सुटायचे, कुठेही, भलत्या जोराने, आणि मी धावत सुटायचे. एखादा चेंडू मी सोडून दिला की ओरडायचे, "बेटी! छोड़ा क्यों? भाग!"

माझी सर्व्हिस मात्र येत नव्हती. नेटमध्ये, नाहीतर थेट पाइपांवर. पाइपांवर पडली की घणघणाट व्हायचा. एकदा मी रॅकेट आपटून बसले आणि म्हटलं, "मेरी हाइट नहीं है, चाचा."

चाचांनी मला उभं केलं आणि माझा दंड पकडला. "हाइट किसने माँगी? बाज़ू तो है ना?" मग त्यांनी रॅकेट बाजूला ठेवायला लावली आणि मला व्हॉलीबॉलची उडी शिकवली. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी. दोन महिने आम्ही तेवढंच केलं. लोक टेनिस पुस्तकातून शिकतात. माझी सर्व्हिस पेशावरच्या व्हॉलीबॉलमधून आली, आणि ती कुणाला वाचता यायची नाही.

बिल्डिंगमध्ये बोलणी सुरू झालीच होती. दोन नंबरच्या काकू एकदा आईला लिफ्टजवळ म्हणाल्या, "अहो, पोरगी किती काळवंडली! उन्हात कशाला पाठवता? आणि गोदामात सगळे पुरुष."

आई शिकवण्या घेऊन दमलेली असायची, कुणाशी वाद घालायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "काळवंडली तर काळवंडू दे. ते पुरुष तिला बेटी म्हणतात. तुम्ही तर नावाने हाकही मारत नाही."

दार लावून आत आल्यावर तिने विचारलं, "जरा जास्तच बोलले का गं मी?"

"नो, आई. परफेक्ट."

पण गोष्ट तिथे थांबली नाही. कुणीतरी ऑफिसात तक्रार केली की सुपरवायझरची मुलगी यार्डात खेळते, उद्या तिच्या अंगावर पाइप पडला तर जबाबदार कोण. बाबांना वरून समज मिळाली. त्यांनी जेवताना खाली बघत सांगितलं, "पुढच्या शुक्रवारपासून नाही यायचं. माझी नोकरी आहे ती, बाळा."

बाबांवर राग धरता येत नव्हता. तिथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर जातं, हे आमच्या वयाच्या पोरांनाही पाठ होतं. पण गप्पही बसता येईना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बस बदलून रास अल खोरला गेले आणि थेट मॅनेजरच्या केबिनबाहेर जाऊन बसले. मॅनेजर लेबनॉनचे होते, जाड भुवयांचे, सगळे त्यांना घाबरायचे. अर्ध्या तासाने त्यांनी मला आत बोलावलं. युनिफॉर्ममधली मुलगी बघून त्यांना वाटलं, घरी काहीतरी वाईट झालंय.

मी इंग्रजीत सांगितलं, "पाइप कुंपणाला लावलेत, त्यांना दोन्हीकडून खुंट्या मारल्यात. चाचांनी स्वतः. तुम्ही येऊन बघा. आणि माझ्या बाबांनी मला पाठवलेलं नाही. त्यांना माहीतसुद्धा नाही. रागावायचं तर माझ्यावर रागवा."

 ते उठले, टोपी घातली आणि उन्हात चालत यार्डाच्या मागे आले. खुंट्या पायाने हलवून बघितल्या, जाळ्याचा वास घेतला, नाक मुरडलं. "यू आर गुड?" त्यांनी विचारलं.

"नॉट येट."

ते मोठ्याने हसले. त्यांनी मला गेटपास लिहून दिला, फक्त शुक्रवार, दुपारी बारापर्यंत. बाबांना तो दाखवला तेव्हा त्यांनी आधी दोन वेळा वाचला, मग मला चांगलंच फैलावर घेतलं, आणि मग तो स्वतःच्या पाकिटात नीट घडी घालून ठेवला.

पहिल्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरले. समोर एक उंच, गोरी मुलगी होती, मोठ्या इंग्रजी शाळेतली. मी सगळे मिळून दोन गेम घेतले. तिच्या बाकावर तिचा कोच बसला होता, तोच, ज्याने माझ्या डोक्यावर हात आडवा धरला होता. त्याने मला ओळखलं नाही.

पुढच्या वर्षी सेमीफायनलला पुन्हा तीच आली. दमट हवा होती, रॅकेटची मूठ हातातून निसटत होती. पहिला सेट तिने सहा-दोन घेतला. दुसऱ्या सेटमध्ये माझ्या लक्षात आलं की लांबलेला पॉइंट संपला की ती कमरेवर हात ठेवून उभी राहते. तिला चौथा, पाचवा चेंडू मारायची सवय होती, पंधरावा मारायची नव्हती. मग मी तिला पंधरावा मारायला लावला. विसावाही. जिंकायचा फटका मी मारलाच नाही, फक्त चेंडू परत टाकत राहिले. दुसरा सेट मी सात-पाच घेतला. तिसऱ्यात तिच्या आईने बाहेरून म्हटलं, "दिस इज नॉट टेनिस!" मी वळून तिच्याकडे बघितलं आणि पुढच्या सर्व्हिसला व्हॉलीबॉलची उडी पूर्ण मारली. समोरच्या मुलीला चेंडूला रॅकेट लावता आली नाही. तिसरा सेट सहा-चार.

फायनल मी हरले, तीही बऱ्यापैकी वाईट. ते लपवायचं कारण नाही. पण त्या सेमीफायनलनंतर तो कोच माझ्याकडे आला. "बेटा, कहाँ सीखती हो? हमारे यहाँ आ जाओ. सर्व्हिस जरा अजीब है, ठीक कर देंगे."

बाबा शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कारण ते 'हो' म्हणतील अशी भीती होती. "थँक यू, सर," मी म्हटलं. "सर्व्हिस मला अशीच हवी आहे."

बाबा पार्किंगमध्ये म्हणाले, "जरा उद्धटच बोललीस." मग गाडी सुरू करता करता म्हणाले, "असू दे."

मी पुढे टेनिसपटू वगैरे झाले नाही. कॉलेज केलं, देराला एका ट्रेडिंग कंपनीत नोकरीला लागले. चाचा पेशावरला परत गेले. जाताना रॅकेट मागून घेऊन गेले, नातवाला दाखवायला. मी शुक्रवारी त्याच कोर्टावर खेळत राहिले, मिळेल त्याच्याशी.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी ती स्पॅनिश खेळाडू दुबईला खेळायला आली. तोवर तिच्या गुडघ्याची दोन ऑपरेशन्स झाली होती आणि दर महिन्याला कुणीतरी लिहायचं की हिने आता थांबावं. मी हाफ डे टाकून गेले. ती मधल्या मोठ्या कोर्टावर नव्हती, बाजूच्या कोर्टावर होती, जिथे आम्ही साठ-सत्तर माणसं होतो. समोर कुठलीशी सोळा वर्षांची मुलगी. हिच्या गुडघ्याला पट्टा होता आणि धावताना एक पाय किंचित ओढला जात होता. ती हरत होती आणि सगळ्यांना ते दिसत होतं. शेवटच्या पॉइंटला त्या मुलीने चेंडू अगदी कोपऱ्यात मारला. लोक टाळ्या वाजवायला लागलेसुद्धा. ही धावली. पोचली नाही, जाहिरातीच्या फळीवर जाऊन आपटली, तळहात सोलवटला.

सामना संपल्यावर ती कुंपणाशी सह्या देत होती. मी वही नेली नव्हती. माझी पाळी आली तेव्हा तोंडातून निघालं, "तो शेवटचा बॉल. का धावलात? तो गेलाच होता."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू काही मी अगदीच बावळट प्रश्न विचारलाय. मग तुटक इंग्रजीत म्हणाली, "नो. बॉल वॉज इन." आणि माझ्या तिकिटावर सही करून पुढच्या माणसाकडे वळली. काही महिन्यांनी तिने खेळ सोडल्याची बातमी आली. पेपरात या वेळी फार गोड गोड लिहिलं होतं. मी ती बातमी वहीत चिकटवली नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी बाबांच्या कंपनीने ठरवलं की कोर्टाच्या जागी नवीन शेड बांधायची. बाबा रिटायर व्हायला आले होते. त्यांनी घरी येऊन सांगितलं आणि या वेळी खाली न बघता म्हणाले, "शुक्रवारी सकाळी कोर्ट फोडायला मशीन येणार आहे. आपण त्याआधी जाऊ."

बाबा माझ्याशी कधीच खेळले नव्हते. त्या दिवशी ऑफिसच्या बुटांवरच खेळले. त्यांना सर्व्हिस येत नव्हती, बॅकहँड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण हट्टाने प्रत्येक चेंडू पळून घेत होते. मी पाच-एकने पुढे असताना मशीन आलं. ड्रायव्हर खाली उतरला. मग हात हलवत, घाई करत ओरडला, "यल्ला, यल्ला! खलास करो!"

मी चेंडू उचलून बॅगेत टाकणार होते. बाबा धापा टाकत नेटपाशी आले, शर्टाच्या बाहीने चष्मा पुसला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "रुको. अभी मैं हारा नहीं हूँ."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघतेस काय? टाक सर्व्हिस."