फळीखालची शिट्टी

मिस्त्रींच्या तोंडात आता एकच शब्द उरला होता, आणि तोही असा की त्याच शब्दापायी त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. उद्या.

आठ महिन्यांपूर्वी कुणाच्या तरी घरी दाराची चौकट बसवता बसवता त्यांचा उजवा हात करवतीसकट खाली आला, तो पुन्हा वर गेलाच नाही. उजवा पाय गेला, वाचा गेली. दवाखान्यात एकोणीस दिवस तोंडातून नुसता वारा येत होता. विसाव्या दिवशी बायकोने पाण्याचा पेला पुढे केला आणि मिस्त्री चांगले खणखणीत म्हणाले, "उद्या." बायकोला आधी रडू आलं आणि मग हसू. समोरचा न्हावी भेटायला आला तेव्हा खुर्ची ओढून बसत म्हणाला, "मिस्त्री, यात नवीन काय? माझं कपाट तुम्ही दोन वर्षं याच शब्दावर टांगून ठेवलं होतंत." मिस्त्रीही अर्ध्या तोंडाने हसले.

डोक्यात मात्र सगळं जागच्या जागी होतं. कुठला खिळा कुठे ठोकला, कुठल्या फळीला गाठ होती, सारं लख्ख आठवत होतं. फक्त शब्द ओठांपर्यंत आला की वाटेत कुणीतरी त्याची अदलाबदल करायचं. 'चहा' म्हणायला जावं तर 'उद्या.' 'खिडकी लाव' म्हणायला जावं तरी 'उद्या.'

बायकोने त्यातूनही वाट काढली होती. लांबवलेला 'उद्याऽ' म्हणजे चहा, तुटक 'उद्या' म्हणजे नको, आणि शेवटी वर चढणारा म्हणजे 'कोण आलंय?' असा तिचा हिशेब बसला होता. पण हे सगळं तिच्या कानातल्या मशीनवर चालायचं. पंधरा वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात काढल्यामुळे तिचे कान कधीच गेले होते. घरी बसून शिंप्याकडची काजं-बटणं करायला लागल्यावर लेकीने तिला डॉक्टरकडे नेलं, कानाचा साचा घेतला आणि हे मशीन करून आणलं. एवढंसं, घेवड्याच्या दाण्याएवढं. घरात किमती म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती. मशीन हातात धरलं किंवा कानावर उशी दाबली गेली की ते बारीक शिट्टी वाजवायचं. तिला ती शिट्टी ऐकू यायची नाही. मग मिस्त्री आपल्या कानावर बोट आपटून दाखवायचे आणि ती मशीन नीट बसवायची.

त्या रविवारी सकाळी बायको खिडकीशी बसून मशीनची बॅटरी बदलत होती. नवी बॅटरी बसली, झाकण लागलं आणि मशीन बोटांतून निसटलं. जमिनीवर एकदा उडालं, दुसऱ्यांदा उडालं, आणि पाण्याचा पाइप जिथून फळ्यांमधून खाली जातो तिथल्या फटीत गडप झालं.

"गेलं!" बायको ओरडली. आपला आवाज किती मोठा निघाला हे तिचं तिलाच कळलं नाही.

ही फळ्यांची जमीन मिस्त्रींनी स्वतः केलेली. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, कामावरून उरलेल्या फळ्या एकेक करून आणून. प्रत्येक फळीच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला जीभ. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवत नेली की वरून एक खिळा दिसत नाही. फळ्यांखाली वीतभर पोकळी, तिच्यात ओळीने वासे, आणि दोन वाशांच्या मधली नाळ खिडकीपासून थेट त्यांच्या खाटेपर्यंत आलेली. खाटेच्या पायाशी भिंतीला लागून हातभर लांबीची एक तोकडी फळी होती. ती खिळ्यांनी ठोकलेली नव्हती. दोन स्क्रूंवर बसवली होती आणि स्क्रूंच्या डोक्यांवर लाकडाच्या रंगाचं मेण भरलं होतं. उद्या पाइप फुटला तर सगळी जमीन उखडायला नको, म्हणून केलेली सोय. हे मिस्त्रींनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

बायको पोटावर आडवी होऊन फटीत डोळा घालत होती. मग तिने टाचण्या गोळा करायचा लोहचुंबक दोऱ्याला बांधून खाली सोडला. डोकं चांगलंच चाललं होतं तिचं, बॅटरी चुंबकाला चिकटलीसुद्धा. पण वर ओढताना मशीन फळीच्या कडेला आपटलं, सुटलं आणि कुठेतरी दूर टणकन पडलं.

तेवढ्यात मिस्त्रींना ती ऐकू आली. शिट्टी. बारीक, अखंड, थेट त्यांच्या खाटेच्या दिशेने. खाटेजवळच्या टेबलाखाली, तोकड्या फळीपासून फार तर दीड हात.

"उद्या!" मिस्त्री म्हणाले. "उद्या, उद्या!"

बायको पाठमोरी होती. तिच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. मिस्त्रींनी डाव्या हातात काठी घेतली आणि जमिनीवर आपटली. तो दणका तिला तळव्यांतून जाणवला असावा, कारण तिने वळून पाहिलं. मिस्त्रींनी काठी टेबलाकडे केली, मग खाटेच्या पायाकडे.

"आलं लक्षात, आलं," म्हणत ती उठली आणि खाटेखालून लघवीचं भांडं काढून त्यांच्या पुढ्यात धरलं.

मिस्त्रींनी भांडं ढकललं. तिने पुन्हा धरलं. "अहो, लाजता कसले? घरात कोण आहे दुसरं?" मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाने आलं की कशाने, त्यांचं त्यांनाच कळेना. शेवटी भांडं घेतलं, कारण तेवढ्यात खरंच लागली होती.

अकराच्या सुमाराला दर रविवारसारखी लेक डबा घेऊन आली. आईने खुणा करून, रडून, मोठ्याने बोलून सगळं सांगितलं. लेकीचं तोंड उतरलं. "अगं आई, जपून करायचं नाही का?" ती म्हणाली आणि मग आईला हे ऐकूच जाणार नाही हे लक्षात येऊन गप्प झाली. तिने नवऱ्याला फोन लावला.

जावई स्वभावाने देवमाणूस. झेरॉक्सच्या दुकानात नोकरी, कुणाच्याही हाकेला धावून जाणारा. फक्त हात उतावळे. अर्ध्या तासात शेजाऱ्याची पहार आणि हातोडा घेऊन हजर झाला.

"बाबा, काळजी करू नका. दोन मिनिटांत काढतो."

पहार पाहताच मिस्त्रींनी डावा हात आडवा केला. "उद्या!" ते ओरडले. "उद्या! उद्या!"

"बाबा म्हणतायत उद्या करा," जावई लेकीला म्हणाला.

"ते काहीही झालं तरी तेच म्हणतात. पण उद्या कसं चालेल? आई दिवसभर तशीच बसणार का?"

"म्हणजे आत्ताच करू ना?"

"आत्ताच कर."

जावई गुडघ्यांवर बसला आणि थबकला. "कसली तरी शिट्टी वाजतेय का गं?"

मिस्त्रींचा डावा हात वर गेला, बोट कानाकडे, मग जमिनीकडे, पुन्हा कानाकडे.

लेकीने कान दिला. "पाइपात हवा अडकली असेल. वरच्यांनी नळ सोडला की वाजतो असाच."

"तेच म्हटलं," जावई म्हणाला आणि त्याने पहारेचं टोक खिडकीजवळच्या फटीत घातलं.

आता बोलून उपयोग नव्हता. मिस्त्रींनी ठरवलं, स्वतःच जाऊन दाखवायचं. खाटेवरून डावा पाय खाली सोडला, डाव्या हाताने काठाला धरलं आणि अंग घसरवत खाली आणलं. वाटलं होतं त्यापेक्षा जोरात पडले. पण पडले ते बरोबर जागी. तोकडी फळी तोंडासमोर होती. मेण अजून शाबूत होतं, ओळखणाऱ्याला दोन ठिपके दिसत होते. त्यांनी नखाने पहिल्या ठिपक्यावरचं मेण खरवडायला सुरुवात केली. स्क्रूची चीर दिसायला लागली...

"बाबा पडले!"

लेक धावली, जावई धावला, बायकोने मागून काखेत हात घातले. तिघांनी मिळून त्यांना उचलून पुन्हा खाटेवर घातलं. मिस्त्री डाव्या हाताने झगडत होते, तो हात लेकीने आपल्या दोन्ही हातांत दाबून धरला. "काही होत नाही बाबा. आम्ही आहोत ना. शांत पडा बघू." तिने खाटेच्या कडेला खुर्च्या लावल्या, पुन्हा पडू नयेत म्हणून. त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला की ती आणखी मायेने दाबायची. एवढ्या मायेशी कुणी किती भांडणार?

मग लाकूड फाटायचा आवाज आला. जीभ खाचेतून न काढता फळी वर ओढली की ती उभी चिरते. तो आवाज मिस्त्रींनी नवशिक्या कामगारांकडून ऐकला होता आणि त्यासाठी त्यांना फैलावर घेतलं होतं. पहिली फळी चिरली. दुसरीचे तीन तुकडे झाले. तिसरीला पहार लागत नव्हती, तेव्हा जावयाने हातोडा मारला. त्या दणक्यासरशी शिट्टी बंद पडली.

हे फक्त मिस्त्रींनाच कळलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय म्हणणार?

जावयाने दंडापर्यंत हात घालून चाचपलं. पस्तीस-चाळीस वर्षांची धूळ निघाली, एक गंजकी किल्ली निघाली, लेकीचा लहानपणीचा एक मणी निघाला. मशीन नाही. तो घामाने निथळत होता. "डोंगर पोखरून उंदीरसुद्धा नाही," तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "उंदरांनीच नेलं असेल. आई, आपण दुसरं आणू."

आईने त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि काही न समजता मान हलवली. जाताना त्याने भगदाडावर पुठ्ठा टाकला.

दुसऱ्या दिवशी घरात दोघंच होती. ती स्वयंपाक करताना भांडं आपटायची आणि तिला कळायचं नाही. मिस्त्री लांबवून 'उद्याऽ' म्हणाले, पण ती पाठमोरी होती. चहा आला तो तिला हवा तेव्हा. इतकी वर्षं संसार केला, पण एका खोलीत असून दोघं इतकी लांब कधी गेली नव्हती.

दुपारी ती काजं करायला बसली. करता करता डोकं वर काढून नवऱ्याकडे पाहायची. ऐकू येत नसल्यामुळे आता ती सारखं पाहतच होती. मिस्त्रींचे ओठ हलत होते, ते काय म्हणत होते हे तिला कुठे कळत होतं? तिला दिसत होता फक्त त्यांचा डावा हात. अंगठा आणि दोन बोटं जुळवून ते मनगट डावीकडे फिरवत होते, पुन्हा फिरवत होते. मग बोट खाली. मग पुन्हा मनगट.

तिने हातातलं कापड ठेवलं. चाळीस वर्षं ती त्या मनगटाचं काम पाहत आली होती. कुणी स्क्रू काढताना मनगट कसं फिरवतं हे तिला सांगावं लागणार नव्हतं.

"स्क्रू?" ती म्हणाली.

मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले आणि उघडले.

तिने खुर्च्या बाजूला केल्या, खाली बसली, मिस्त्रींच्या बोटाच्या रोखाने सरकत गेली. काल खरवडलेला ठिपका तिला सापडला. पेटीतून स्क्रू-ड्रायव्हर आणला. पहिला स्क्रू निघाला. दुसरा घट्ट होता, तिने सगळं वजन टाकून फिरवला. तोकडी फळी अलगद, एक तुकडाही न उडता, हातात आली.

तिने हात आत घातला, खांद्यापर्यंत. जमिनीला गाल टेकलेला, डोळे मिस्त्रींवर. ते बोटाने दाखवत होते, आणखी पुढे, जरा डावीकडे. तिचा चेहरा बदलला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत मशीन होतं.

तिने ते पदराला पुसलं, नवी बॅटरी घातली, कानात बसवलं. मिस्त्री वाट पाहत होते. ती बराच वेळ तशीच बसली, मान एका बाजूला कलवून. मग मशीन काढलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं.

"काहीच नाही हो," ती म्हणाली.

कानाच्या मशीनच्या दुकानदाराने भिंगातून पाहून सांगितलं की आत धूळ गेली आहे, शिवाय दणका बसून एक तार सुटली आहे. कारखान्यात पाठवावं लागेल. मशीन परत यायला पंधरा दिवस लागले. आलं तेव्हा पूर्वीइतकं चांगलं नव्हतं, उंच आवाज त्याच्यात फुटायचे, पण चालत होतं.

मधल्या रविवारी जावई प्लायवुडचा तुकडा घेऊन आला. मनाला लागलं होतं त्याच्या. सकाळपासून खपून त्याने भगदाड बंद केलं. तुकडा फळ्यांपेक्षा अर्धं बोट जाड होता, त्यामुळे जमिनीवर पायरी झाली. खिळे वरूनच ठोकले होते, बारा खिळे, त्यातले दोन वाकलेले.

"झालं की नाही बाबा? नीट आहे ना?" तो खाटेशी येऊन, कपाळाचा घाम पुसत म्हणाला.

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. पोरगा तीन तास गुडघ्यांवर होता. हाताला दोन फोड आले होते. मिस्त्रींनी डाव्या हाताने त्याच्या खांद्यावर थोपटलं.

जावई खूश होऊन जेवायला बसला. बायकोने नवऱ्याचा चेहरा पाहिला होता. तिने मुकाट्याने सतरंजी आणली आणि प्लायवुडवर अंथरली. सतरंजीखाली त्या कडेचा उंचवटा तसाच दिसत राहिला, आणि मिस्त्री जेवणभर तिकडे न बघता बसून राहिले.