वडिलांच्या मानेतली नस

सत्तरच्या दशकाच्या आरंभी वडिलांच्या छातीत धडधड सुरू झाली. नागपुरातल्या आमच्या विणकर मोहल्ल्यात ते सर्वांत वृद्ध. तरीही रोज मागावर बसत.

गोळ्या लागू पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी दुहेरी उपाय योजला. झटका आला की वडिलांना दवाखान्यात न्यायचे. तेथे डॉक्टर मानेच्या एका बाजूची नस चोळीत आणि धावणारे हृदय ताळ्यावर येई. घरी करायचे ते वेगळे: काम सोडणे, डोळे मिटणे, श्वास रोखून पोटाला जोर देणे. याचा रोज सराव. शिवाय बिडी बंद, संताप बंद.

"संताप सोडला तं बायकोशी बोलू काय?" वडिलांनी विचारले.

डॉक्टर हसले नाहीत. "मानेला मात्र तुम्ही हात लावायचा नाही."

सराव वडिलांनी नेमाने केला. परंतु जन्मभर हातांवर जगलेल्या माणसाला श्वासाचा भरवसा वाटेना. शिवाय डॉक्टरांची पद्धत त्यांना सदोष वाटे.

"एकाच बाजूनं ताणलं तं कापडाचा थान वाकडा जाते," ते मला म्हणाले. "डॉक्टरले कोन सांगन, गा?"

"तुमची मान काय लुगडं हाय, अजी?" आई आतून म्हणाली.

एका दुपारी विणताना झटका आला. वडिलांनी धोटा बाजूला ठेवला, दोन्ही हात मानेकडे नेले आणि दोन्ही बाजू सारख्या दाबल्या. आईच्या देखत ते मागावरच्या ताण्यावर कोसळले. तिने पाणी शिंपडले. डोळे उघडताच ते म्हणाले, "थांबली पाह्य धडधड."

मी त्यांना तसाच दवाखान्यात घेऊन गेलो.

"धडधड नाही, तुमचं हृदय थांबलं होतं!" डॉक्टर ओरडले.

"मंग चालू झालं ना? माग थांबवल्याबिगर तुटलेलं सूत जोडता येते काय?"

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. मी वडिलांकडे पाहिले. वडील प्रसन्न होते. त्यांच्या आजारपणात मी त्यांना असे कधी पाहिले नव्हते. त्याचेच मला भय वाटले.

तेव्हापासून आई सुताच्या कांड्या भरण्याचे काम घेऊन त्यांच्यासमोर बसू लागली. तिची नजर कापडावर नसे, त्यांच्या हातांवर असे. ते चिडत. चिडले की धडधड वाढे. ती मान खाली घाली, पण उठत नसे.

पुढे एका सकाळी ती नळावर गेली होती. गल्लीत घरोघरी माग चालू होते. त्यांतला आमचा थांबलेला तिला कळला. भरत आलेली घागर सोडून ती धावली. त्या दिवशी पाणी शिंपडून उपयोग झाला नाही.