आबांच्या घड्याळातला ब्रेक

डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लगेच लिहितेय.

मी कामशेतला घड्याळं दुरुस्त करते. आमच्या गावच्या आबांकडे चावीचं, स्टॉपवॉचवालं मनगटी घड्याळ आहे. बैलगाडा शर्यतीत गाडा किती सेकंदांत घाट चढला, हे आमच्याकडे अजूनही त्यावरच ठरतं.

बटण दाबल्यावर काटा धरून ठेवणारा ब्रेक त्यात प्लास्टिकचा होता. तो झिजला की थांबवलेला काटा पुढे सरकायचा. म्हणून मी कानशीने घासून पितळेचा ब्रेक बनवला. त्यानंतर काटा कधीच हलला नाही.

मध्यंतरी आबांच्या पुतण्याने मला न विचारता घड्याळ लोणावळ्यात सर्व्हिसिंगला दिलं.

आज घाटात आबांनी काटा थांबवला, आणि आकडा पुकारेपर्यंत तो सगळ्यांदेखत पुढे सरकला. गाडामालक ओरडला, "आबा, कुणाकडनं खाल्लं?"

मी तिथेच घड्याळ उघडलं. माझा ब्रेक गायब! कुठल्याशा भंगार घड्याळातला झिजलेला प्लास्टिकचा ब्रेक बसवलेला. दुकानदाराला फोन लावला, तर म्हणतो, "मॅडम, तुमचा गावठी पार्ट फेकून दिला. ओरिजिनल नसेल तर घड्याळाला किंमत राहत नाही."

किंमत? अरे, सगळा घाट त्या घड्याळावर विश्वास ठेवायचा, ती किंमत नव्हती?

आबांना म्हटलं, उद्याच नवा ब्रेक बनवते. ते म्हणाले, "पोरी, काटा थांबंल गं जाग्यावर. पर आता माझा आकडा कोन मानंल?"

सांगा, इथे कुठला ओरिजिनल पार्ट बसवू?