दात घासण्यापुरता वेळ

ब्रश तोंडात धरूनच मी दूध तापवते, डबे भरते. हिरड्यांतून रक्त येतं तेव्हा डॉक्टरांचं सांगणं आठवतं, सावकाश घासा. सावकाश काही करायला सकाळ उरते कुठे?

मागच्या पायरीवर सासूबाई बोटाने मिश्री लावत बसतात. त्या जळक्या तंबाखूने त्यांचे सगळे दात नेले, तरी डबी सुटली नाही. आज न राहवून विचारलं, "आई, आता काय घासता?"

"मिश्री लावताना कुणी हाक मारत नाही गं," त्या म्हणाल्या. "त्याचीच सवय लागली."

गॅस बंद करून मी ब्रश घेऊन त्यांच्याशेजारी टेकले. आतून नवऱ्याची हाक आली. माझं तोंड फेसाने भरलेलं.

सासूबाईंनी मागे न बघताच सांगितलं, "दात घासतेय ती. थांब जरा."