फोर म्हणजे वाकायचं

ओकानागनच्या पठारावर गवत एका रेषेत संपतं. रेषेच्या अलीकडे भरपूर पाणी प्यालेली गोल्फची हिरवळ. पलीकडे करडी झुडपं, रेती आणि रॅटलस्नेकपासून सावध राहा, अशी पाटी. खाली तळ्यापर्यंत उतरत गेलेले द्राक्षांचे मळे. कॅनडाच्या या वाळवंटी टापूतल्या एका रिसॉर्टवर माझ्या नवऱ्याच्या कंपनीने त्याच्या टीमला नेलं होतं, जोडीदारांसह.

नवऱ्याला टीम लीड व्हायचं होतं. त्या जागेसाठी दोन नावं चर्चेत होती, त्याचं आणि त्याच्या एका सहकारी बाईंचं. डायरेक्टर असल्या गोष्टी मीटिंगमध्ये बोलत नसत. गोल्फच्या दोन सीटच्या गाडीत शेजारी बसवून बोलत. पहिले नऊ होल त्यांच्या शेजारी त्या बाई होत्या. पुढचे नऊ नवऱ्याचे होते. त्यासाठी तो सगळा विंटर आमच्या किचनर शहरातल्या एका बेसमेंटमध्ये, पडद्यावरच्या मैदानाकडे बॉल मारायला शिकला होता.

नववा होल संपत आला असताना शेजारच्या पट्ट्यातून कोणीतरी ओरडलं, "फोर!" गोल्फमध्ये याचा अर्थ, बॉल तुमच्याकडे येतोय, डोकं सांभाळा. डायरेक्टर वाकले. बाई वाकल्या. मागच्या गाडीत बसलेली मीही त्यांचं बघून वाकले. नवरा एकटा मान वर करून मागे मागे सरकत गेला, नागपुरात बाउंड्रीवर सरकायचा तसा, आणि बॉल त्याने ओंजळीत झेलला.

गोल्फचा बॉल क्रिकेटच्या बॉलपेक्षा लहान, पण दगडासारखा कडक असतो. उजव्या हाताची करंगळी लगेच सुजली.

"नाइस कॅच," डायरेक्टर म्हणाले. मग बोट बघून म्हणाले, "एक्स-रे काढून या."

गावातल्या हॉस्पिटलकडे गाडी मी चालवत होते.

"फोर म्हणजे वाकायचं, हे शिकवलं नव्हतं का?"

"शिकवलं होतं."

"मग?"

"अगं, वर बॉल दिसला."

"सगळ्यांनाच दिसला."

तो खिडकीबाहेर बघत होता. "सोपा होता गं."

"कॅच तरी घेतलास."

"कॅच घेतला, मॅच गेली."

आम्ही परतलो तेव्हा गोल्फच्या गाड्याही परतत होत्या. डायरेक्टरांच्या शेजारी त्याच बाई बसल्या होत्या. दोघं हसत नव्हती. कामाचं बोलत असावीत.

जेवताना डायरेक्टरांनी कॅचची गोष्ट दोनदा सांगितली. नवरा दोन्ही वेळा हसला. वाइनचा ग्लास त्याने डाव्या हातात धरला होता.

किचनरला आल्यावर काही दिवसांनी मेल आला. लीड त्या बाई झाल्या होत्या. करंगळीची पट्टी अजून निघाली नव्हती. नवऱ्याने सावकाश अभिनंदनाच्या दोन ओळी टाइप केल्या. एंटरचं बटण एरवी करंगळीचं. ते त्याने शेजारच्या बोटाने दाबलं.